सुकं ते सुकंच राहायला हवं : तारकर्ली-देवबाग किनाऱ्यावरच्या कचऱ्याच्या नोंदी

२१ ऑक्टोबर २०२४

मांगर मिळाला. काकींच्या घरामागचा, चिऱ्याच्या भिंती आणि नळ्यांचं छप्पर असलेला. गुरं गेल्यापासून रिकामाच होता. भाडं नको म्हणाल्या, अट मात्र एक घातली : "वास येवक नये हां गो. हय माझे पावणे जेवतत." चावी हातात देतानाही पुन्हा तेच सांगितलं.

पाहुण्यांना राहायला-जेवायला ठेवणारी अठरा घरं तयार झाली आहेत. काम एवढंच : या घरांमधला सुका कचरा आठवड्यातून तीनदा मांगरात आणायचा, निवडायचा, साठवायचा आणि विकायचा. ओला कचरा ज्याच्या त्याच्या माडाच्या बुंध्यात किंवा खड्ड्यात जिरवायचा. आम्ही चौघी. एक हातगाडी, एक तराजू आणि मालवणच्या बाजारातून आणलेली रिकामी पोती.

हे काम इथेच का, ते पुढे कधी वाचणाऱ्याला कळावं म्हणून लिहून ठेवते. आमच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. गावाबाहेर कचरा टाकायचा म्हटलं तर गावाला 'बाहेर' असं काही नाहीच. खड्डा खणला की हातभरावर पाणी लागतं, आणि त्याच थरातलं पाणी विहिरीत येतं. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हा इथे माणसं किल्ला बघून एस.टी.ने परत जायची. आता ती चार दिवस राहतात, आणि चार दिवसांचं सगळं मागे ठेवून जातात.

४ नोव्हेंबर

भाऊबीज काल झाली, आज पहिला माल आला. दिवाळीची गर्दी होती, त्यामुळे पोती भरपूर.

पहिल्या पोत्याचं तोंड सोडलं आणि काकींची अट आठवली. वर पुठ्ठ्याचे खोके, त्याखाली पाण्याच्या बाटल्या, दोन बाटल्यांत अर्धं राहिलेलं शीतपेय, त्यात विझवलेल्या सिगारेटी. त्याखाली बांगड्याच्या तिखल्याचा डबा, झाकण निघालेला. त्याचा लाल रस्सा पोत्यातून झिरपत खालच्या पुठ्ठ्यांपर्यंत पोचलेला. तळाला रेती, एक ओला टॉवेल, एक डायपर. चौघींनी दिवसभर निवडलं, संध्याकाळी अंघोळ करूनही हाताचा वास गेला नाही.

भंगारवाले आले. त्यांनी ढिगाकडे पाहिलं नाही, सरळ पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यात हात घातला, बाहेर काढून बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाले, "ओला आहे. घट धरावी लागेल." मग वास घेतला आणि घट धरूनही घ्यायला तयार झाले नाहीत. पुठ्ठा भिजला की वजन वाढतं, म्हणून ते वजन कापतात. त्याला तेल किंवा रस्सा लागला असेल तर कागद गिरणीही घेत नाही, कारण लगद्यात तेल मिसळलं की नवा कागद डागाळतो. बाटल्या घेतल्या, त्याही अर्ध्याच. बाकीच्यांत रेती.

म्हणजे सकाळी घरातून निघाला तेव्हा जो माल विकण्याजोगा होता, तो मांगरात पोचेपर्यंत कचरा झाला होता. आम्ही निवडला तो कचराच. बाटली बाटलीच्या पोत्यात आणि पुठ्ठा पुठ्ठ्याच्या पोत्यात गेला म्हणजे काम झालं, असं मी धरून चालले होते. तसं नाही. सुकं घरातून सुकंच निघालं पाहिजे.

६ नोव्हेंबर

अठरा घरी फिरून आले. रंगीत डबे कोणालाही घ्यायला लावणार नाही. हिरवा कुठला आणि निळा कुठला हे पाहुण्याला दोन दिवसांत शिकवणं शक्य नाही, आणि का शिकावं हेही त्याला उमजत नाही. त्याऐवजी ठरवलं ते असं : खोलीत एकच खोका, फक्त सुक्यासाठी. खाणं खोलीत नाही, पडवीत; ओल्याची झाकणाची बादली मोरीपाशी. बाटली पूर्ण रिकामी करायची, झाकण काढायचं, पिळून चेपायची. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून, वेगळी पिशवी. २०१६ च्या घनकचरा नियमांतही ते गुंडाळून वेगळं द्यायला सांगितलं आहे. ती पिशवी आम्ही उघडणार नाही.

एका घरी वहिनी म्हणाल्या, "पाहुण्यांना सांगायला लाज वाटते. पैसे देऊन राहतात ते." बरोबर आहे त्यांचं. म्हणून पाहुण्यांना सांगायची जबाबदारी मी घेतली आहे. ज्या घरी नवी मंडळी येतील तिथे संध्याकाळी पाच मिनिटं जाऊन बसेन.

१२ नोव्हेंबर

शाळेतली पाच-सहा मुलं मांगरात आली होती. प्लास्टिक प्लास्टिकमधला फरक कसा ओळखायचा, असं विचारत होती. बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो : १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी. पण तुकडे झाले की आकडा सापडत नाही, तेव्हा बादली आणायची. एका बाटलीचे कात्रीने तुकडे केले, झाकण आणि लेबलसकट पाण्यात टाकले. बाटलीचे तुकडे तळाला गेले, झाकण आणि लेबल वर तरंगलं. पेटची घनता १.३८, झाकणाच्या एचडीपीईची ०.९५, पाण्याची १.

एक मुलगा, त्याचे वडील स्कुबावाल्यांच्या होडीवर असतात, लगेच म्हणाला, "म्हणून बाबांना बाटल्या तळाला मिळतात." मला हे कधी सुचलं नव्हतं. लाटेबरोबर किनाऱ्याला लागते ती झाकण घट्ट लावलेली, आत हवा असलेली बाटली. झाकण नसलेली पाणी भरून बुडते. आम्ही किनारा झाडून किती बाटल्या मिळाल्या ते मोजतो, ती मोजणी तरंगणाऱ्यांचीच.

२८ नोव्हेंबर

वेंगुर्ल्याला जाऊन आले. तिथलं जुनं डम्पिंग ग्राउंड आता लोक बघायला जातात. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने हे काम उभं केलं, आणि कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा करायची सवय गावाला लागली. पाचोळ्याच्या विटा, ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचा भुगा करून रस्त्यात.

रस्त्याचं काम जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे प्रत्येकजण "रस्त्यात घाला की" म्हणतो. मदुराईच्या त्यागराजर कॉलेजातले प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी ही पद्धत बसवली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. खडी सुमारे १६० ते १७० अंशांपर्यंत तापवतात, त्यावर दोन-चार मिलिमीटरचा प्लास्टिकचा भुगा टाकतात, तो वितळून खडीवर पातळ थर बसतो आणि मग डांबर. यात पिशव्या चालतात, पीपीची पाकिटं चालतात, पीव्हीसी अजिबात नाही, कारण ते तापलं की क्लोरीनचा आम्लवायू निघतो. आणि भुगा कोरडा हवा. त्यात रेती असेल तर यंत्राची पाती बोथट होतात. म्हणजे रस्त्यात घालायचं तरी आधी धुवून वाळवावं लागतंच.

मी मुद्दाम निवडायच्या जागी उभी राहिले. वास येतो का पाहत होते. आला नाही. निवडणाऱ्या बायकांच्या पुढ्यात आलेला माल घरूनच वेगळा होऊन आलेला. यंत्रांचे फोटो सगळेच काढून आणतात. मी पोत्याचं तोंड उघडल्यावर आतलं काय दिसतं याचा फोटो काढून आणला आणि आज अठरा घरांना दाखवला.

९ डिसेंबर

आजची नोंद काकींची.

सकाळी गेले तर खळ्यातल्या दोरीवर कपड्यांशेजारी दुधाच्या पिशव्या वाळत घातलेल्या. दहा-बारा असतील, एका रांगेत, चिमट्याने टांगलेल्या. प्रत्येक पिशवीचा कोपरा कापलेला, पण तुकडा पिशवीलाच लोंबता ठेवलेला. हे मीच मागच्या आठवड्यात सांगितलं होतं : तो नखाएवढा तुकडा वेगळा झाला की कोणाच्या हाती लागत नाही, केरातून थेट पाण्यात जातो. पण पुढचं सगळं त्यांचं स्वतःचं. पिशवी एका बाजूने उभी चिरायची, म्हणजे ती पानासारखी उघडते आणि आतून वाळते. भांडी विसळून झाली की शेवटच्या पाण्यात धुवायची, म्हणजे वेगळं पाणी लागत नाही. चिमटा खालच्या टोकाला, म्हणजे पाणी घडीत अडकत नाही.

मी विचारलं, कोणी शिकवलं? त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "सुक्या म्हावऱ्याक काय करतव? वारो लावतव, ऊन लावतव, हात लावून बघतव. ह्याका पण तसाच."

मग त्यांनी एक पिशवी दोरीवरून काढली, मुठीत चुरगळून माझ्या कानाशी धरली. सळसळ आली. दुसरी काढली, ती सकाळीच घातलेली असावी, तिचे दोन थर एकमेकांना चिकटलेले, आवाजच नाही. ती परत दोरीवर. एवढीच परीक्षा. बोंबील वाळला की नाही ते त्या मोडून बघतात, आमसुलं मुठीत दाबून बघतात, पापड टिचकी मारून.

इतके दिवस मी वाळवण्याच्या जाळ्या कुठे मिळतील, शेड कशी घालावी, असा विचार करत बसले होते. या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात खारट दमट हवेत वस्तू सुकी कशी करायची आणि सुकी कशी ठेवायची हे कोणीतरी जाणतंच. त्याच बायका पाहुण्यांची खोलीही आवरतात. त्यांना कचरा वर्गीकरणाचं प्रशिक्षण देण्याऐवजी मी एवढंच म्हणायला हवं होतं की हे वाळवण आहे.

वहीत आजपासून तसंच लिहिते. 'सुका कचरा' खोडून 'वाळवण'.

१ जानेवारी २०२५

थर्टी फर्स्टचा माल. फक्त काच. सकाळी सहाला किनाऱ्यावर उतरलो, कारण आठला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, ओढायची होती. रापण ओढणारी माणसं अनवाणी असतात, टाचा रेतीत रुतवून मागे सरकत दोर ओढतात. फुटलेली बाटली रेतीत असेल तर ती टाचेखालीच येते. मागच्या वर्षी एका आजोबांच्या टाचेला टाके पडले आणि पुढचे तीन आठवडे त्यांची वाटणी बुडाली.

अख्खी बिअरची बाटली परत भरायला जाते, तिला गिऱ्हाईक आहे. फुटलेली काच रंगावर वेगळी करावी लागते : पांढरी, हिरवी, तपकिरी. तिला भाव इतका कमी की गाडीभाडंही सुटत नाही. बाटली न फुटता हातात येणं, एवढ्यावरच सगळा हिशोब आहे. तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीवर १० रुपये अनामत घेतात, रिकामी बाटली दुकानात दिली की परत. उटीसुद्धा पाहुण्यांचंच गाव. गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली. आमच्या किनाऱ्यावर बाटलीला १० रुपये लागू झाले तर ती रेतीत फेकायला हात धजावणार नाही, आणि फेकलीच तरी पाच मिनिटांत कोणीतरी उचलेल. हे मी प्रत्येक बैठकीत बोलणार आहे.

१८ जानेवारी

शहाळी. हा सुका कचरा नाही आणि धड ओलाही नाही. शहाळेवाल्याच्या हातगाडीमागे ढीग साचतो. कुजायला वर्ष-वर्ष घेतो, कारण काथ्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारं द्रव्य, भरपूर. वर उघड्या तोंडात पाणी साठतं आणि डास होतात. पावसाळ्यात तर प्रत्येक शहाळं म्हणजे डासांची वाटी.

शहाळं पीत असतानाच शहाळेवाल्याने ते उभं चार फाका करून द्यावं, असं ठरवलं. मलई काढायला तसंही दोन फाका करतोच. चार फाका उन्हात पसरल्या की आठ-दहा दिवसांत वाळतात आणि चुलीला जळण होतात. उरलेल्यांचा भुसा करून खत. कॉयर बोर्डाचं 'पिथप्लस' नावाचं बुरशीचं विरजण मिळतं, धिंगरी अळंबीच्या जातीतलं. ते युरियासोबत थर देऊन लावलं की काथ्याचा भुसा महिन्याभरात काळा पडतो. आम्ही एक ढीग लावला आहे, माडाच्या सावलीत, वर झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्या, टाकून.

शहाळेवाल्या दादांनी पहिल्याच दिवशी तक्रार केली की चार घाव घालण्यात वेळ जातो. शनिवार-रविवार सोडून करतो म्हणाले. ठीक आहे.

३ फेब्रुवारी

वेफर्सची पाकिटं. आतून चंदेरी, बाहेरून रंगीत, तीन-चार थर एकमेकांना चिकटवलेले. बादलीच्या परीक्षेत तरंगतात, पण त्याचा उपयोग नाही, कारण थर वेगळे करता येत नाहीत. भंगारवाले हात लावत नाहीत. सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळायला घेतात, तिथे आतलं तापमान १४०० अंशांच्या वर असतं, त्यामुळे उघड्यावर जाळल्यासारखा धूर निघत नाही. पण ती भट्टी आमच्या किनाऱ्यापासून कितीतरी लांब आणि पाकिटं हलकी. पोतं भरभरून दाबलं तरी काट्यावर काही चढत नाही.

एका मोठ्या उत्पादकाच्या वतीने हा माल गोळा करणाऱ्यांशी फोनवर बोलणं झालं. २०२२ च्या नियमांनुसार अशा वेष्टनांची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा त्यांनी ती इथून न्यावी, एवढंच मागणं होतं. किमान वजनाची अट सांगितली, ती आमच्या अठरा घरांकडून दोन वर्षांत भरायची नाही. पुन्हा फोन केला, उचलला नाही. पाकिटं मांगराच्या माळ्यावर चढवून ठेवली आहेत. फेकणार नाही, जाळणारही नाही.

२६ फेब्रुवारी

आंगणेवाडीची जत्रा झाली, त्या आठवड्यात सगळी घरं भरलेली. माझं घरोघरी पाच मिनिटं बसणं जमलं नाही, आणि लगेच पोत्यात रस्सा आला. सहा घरांची पोती परत पाठवली. दुःख झालं, पण घेतली असती तर सातवं घरही ढिलं पडलं असतं.

२० मार्च

पहिली गाडी गेली!

इतके दिवस अडलं होतं भाड्यावर. एक लिटरची रिकामी बाटली सुमारे २० ग्रॅमची, म्हणजे पन्नास बाटल्या तेव्हा एक किलो. न चेपता भरल्या तर टेम्पोभर हवाच जाते. मग बाजारात भाजीच्या गाड्यांकडे लक्ष गेलं. कोल्हापूरहून घाट उतरून पहाटे येतात आणि माल उतरवून दुपारी रिकाम्या चढतात. एका गाडीवाल्या मामांशी बोलले. ते म्हणाले, न्यायला हरकत नाही, पण गाडीत उद्या कोथिंबीर भरायची आहे, घाणीचा थेंब सांडला तर पुन्हा नाव काढायचं नाही. काकींनी घातली होती तीच अट, फक्त दुसऱ्या तोंडून.

मामांनी तीन गठ्ठे स्वतः हुंगून पाहिले. मग चढवायला हात लावला.

पेट वेगळं, झाकणं वेगळी, दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा. भंगारवाले सगळ्याच पाण्याच्या बाटल्यांना 'बिसलेरी' म्हणतात, कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने पावतीवरही तेच लिहिलं. पिशव्यांच्या गठ्ठ्यावर त्याने घट धरली नाही. पैसे अठरा घरांत वजनावर वाटले. रक्कम लहान, पण काकींनी नोटा मोजून देवापुढे ठेवल्या.

२१ एप्रिल

न्हाणीची चूल. हे लिहायला उशीर झाला, कारण माझ्याही आईच्या घरी तेच चाललं होतं.

आमच्याकडे अंघोळीचं पाणी अजून पुष्कळ घरी चुलीवर तापतं, माडाची चुडतं (सुक्या झावळ्या) आणि सोडणं (नारळाच्या साली) घालून. सकाळी दमट हवेत चुडत पेट घेत नाही, म्हणून खाली एक पिशवी सरकवायची. लहानपणापासून बघत आले. पिशवी थेंब थेंब गळत पेटते, निळसर ज्योत होते, मग चुडत धरतं. त्या चुलीपुढे फुंकायला बसते ती घरातली सून किंवा आजी. एखादी पीव्हीसीची नळी किंवा चप्पल त्यात गेली तर आम्लाचा वायू निघतो, डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि त्या दोन हातांच्या न्हाणीत खिडकीसुद्धा धड नसते.

नुसतं नको म्हणून भागत नाही, पेटवण दुसरं द्यावं लागतं. शहाळ्याच्या वाळलेल्या फाका आम्ही घरोघरी पोचवायला सुरुवात केली. काथ्या लगेच धरतो. आईने आज पिशवीशिवाय चूल पेटवली. मी शेजारी बसून होते.

१२ मे

पाहुण्यांचा कळस. मांगर शिगोशीग भरला आहे. खळ्यांतून आमसुलं, आंबोशी, पापड, सुकी कोलंबी, सगळीकडे पावसाची बेगमी चाललेली. दोऱ्यांवर दुधाच्या पिशव्या. पंधरा घरांत आता दोरी आहे.

शेवटची गाडी २७ मेला ठरवली. जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्या २५ नंतर बंद होतात, पाहुणे परततात, म्हणजे हंगामाचा उरलेला सगळा माल एकदम जाईल. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत येत नाही.

२१ मे

पाऊस. काल रात्रीपासून.

२२ मे

थांबत नाही. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र आहे. वारा पश्चिमेचा, झड आडवी. मांगराच्या खिडकीला झापं बांधलेली नाहीत, ती इथे दरवर्षी जूनच्या तोंडावर बांधतात. मामांचा फोन : गाडी येणार नाही, भाजीच भिजते आहे.

२६ मे

काल मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मे महिन्यात. घराघरांतली आमसुलं अर्धी वाळलेली आत घ्यावी लागली, बुरशी धरणार.

मांगरात घोटाभर पाणी होतं. पुठ्ठ्याचे गठ्ठे मी जमिनीवर रचले होते. खालच्या दोन ओळींनी पाणी ओढलं, फुगल्या, सुतळी रुतली. उचलायला गेले तर गठ्ठा मधून तुटून हातात लगदा आला. पहिल्या गाडीनंतरचा, दोन महिन्यांचा पुठ्ठा. बाटल्यांचं नुकसान नाही, पेट पाणी पीत नाही, पण गठ्ठे सोडून प्रत्येक बाटली निथळावी लागेल.

पेंढा जमिनीवर कोणी ठेवत नाही. बांबूचा माच करतात, त्यावर रचतात. हा मांगर गुरांचा होता, कोपऱ्यात जुन्या माचाचे खांब अजून उभे आहेत. मी रोज त्यांना ओलांडून जात होते.

२९ मे

लगदा झालेला पुठ्ठा खताच्या खड्ड्यांत घातला. पावसाळ्यात ओल्या कचऱ्याचा चिखल होतो आणि वास सुटतो, त्याला सुकं, कार्बनवालं काहीतरी लागतं, आणि पाचोळा भिजलेला. फाडलेला पुठ्ठा तिथे उपयोगी पडतो. शाई छापलेला, चिकटपट्टीचा भाग काढून टाकला. पैसे गेले, पण पुठ्ठा वाया गेला नाही.

९ जून

उघडीप मिळाली. चौघींनी आणि काकींच्या जावेने मिळून माच बांधला. जुने खांब, नवे बांबू, गुडघ्याच्या वर. खिडकीला दोन पदरी झापं. बाटल्या निथळून पुन्हा गठ्ठे केले, माचावर चढवले. मामा म्हणाले, चार दिवस असंच राहिलं तर येतो.

दुपारी काकी आल्या, डोक्यावर पोतं. त्यांनी २० मेलाच, वारा फिरला तेव्हा, दोरीवरच्या सगळ्या पिशव्या काढल्या होत्या, आणि शेजारच्या चार घरांच्याही. त्या चुलीवरच्या माळ्यावर, सुक्या बोंबलांच्या डब्यांशेजारी ठेवल्या. खाली चूल जळत होती, त्यामुळे वीस दिवसांच्या पावसात त्यांना दमट हवा लागली नाही. मला सांगितलं नाही, कारण माझ्या मांगराची दशा बघून त्यांना वाटलं, हिला आत्ता काही सांगू नये.

पोतं तराजूला लावलं. काकींनी तोंड सोडलं, आत हात घातला, मूठभर पिशव्या चुरगळून माझ्या कानाशी धरल्या.

"आयक," म्हणाल्या.